काकूंची म्हातारी

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. केस पिकलेले, खुर्चीवर स्वेटर, टेबलावर चहाचा थर्मास, एवढ्यावरून पडलेलं नाव. पण कामात काकूंच्या वाटेला जायची कोणाची टाप नव्हती. ग्राहक इंटरनेटवरून वापरतात त्या क्लाउडवरच्या मशिनी झोपवायच्या आणि पुन्हा जाग्या करायच्या, ही सोय त्यांनी पाच वर्षं खपून उभी केली होती. झोपताना मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं, उठताना परत उचलायचं. माणूस अर्धं वाक्य टाकून गेला तरी आल्यावर ते तसंच समोर!

आणि आता तीच सोय बंद व्हायला निघाली होती. दहातली एखादी मशीन उठायची ती कोरी करकरीत, मालकाचं उघडं काम गायब. तक्रारींनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. साहेब वयाने धाकटे, ते काकूंपुढे हात जोडून म्हणाले, "काकू, गुरुवारी चारला बैठक आहे. तोवर कारण सापडलं नाही तर सोय बंद करावी लागेल. माझाही नाइलाज आहे हो."

"सापडेल," काकू म्हणाल्या. घरी जेवताना मात्र त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ती बंद झाली तर पाच वर्षं मी केलं तरी काय?"

टीममधली मंडळी कामाला लागली होतीच. नवी मशीन बनवायची, झोपवायची, उठवायची. दोनशे वेळा केलं, आणि दोनशेच्या दोनशे गुणी बाळासारख्या उठल्या! "आपल्याकडे तर सगळं ठीक आहे," हे त्यांचं पालुपद. शुक्रवार आला की चाचणीच्या सगळ्या मशिनी पुसून टाकायच्या, ही तिथली शिस्त. काकूंनी मात्र एक मशीन "हात लावू नका" अशी चिठ्ठी डकवून अकरा महिने चालू ठेवली होती. सगळे तिला म्हातारी म्हणत आणि हसत.

"हसा," काकू म्हणायच्या, "ग्राहक काय दर शुक्रवारी नवी मशीन घेतात?"

बुधवारी सकाळी त्यांनी म्हातारीला पहिल्यांदाच झोपवलं आणि उठवलं. कोरी! बिघाड अखेर डोळ्यांसमोर घडला म्हणून काकूंनी आनंदाने टेबलावर थाप मारली. पुन्हा झोपवली, तर नीट उठली. आता आली का पंचाईत! मग त्यांनी दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. मध्यंतरी म्हातारीवर अपडेट आपोआप आलं होतं. सिस्टिमचा नवा गाभा डिस्कवर येऊन बसला होता, पण मशीन रीस्टार्ट न झाल्याने चालत होता जुनाच. झोपताना लिहिलं जुन्याने, उठताना वाचायला आला नवा. त्याला ते ओळखू येईना, म्हणून त्याने सगळं फेकून दिलं. एकदा नवा चालू झाला की पुढची झोप सुरळीत. आणि कालच जन्मलेल्या मशीनवर अपडेट येणार कुठून?

उपाय त्यांनी दुपारपर्यंत लिहिला: जो गाभा झोपला तोच उठवायचा, नव्याने खऱ्या रीस्टार्टपर्यंत थांबायचं.

गुरुवारी चार वाजता काकूंनी भरल्या बैठकीत मोठ्या पडद्यावर उपाय बसवलेली म्हातारी उघडली. सगळ्यांसमोर तिच्यावर पुढचं अपडेट घातलं, रीस्टार्ट केलं नाही. मग कोऱ्या पानावर लिहिलं, "ही सोय बंद", आणि वाक्य तसंच सोडून मशीन झोपवली. पडदा काळा झाला. काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट धरलं होतं.

त्यांनी मशीन जागी केली. मिनिटभर काहीच नाही. मग पान आलं. तेच तीन शब्द, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

मागून कोणीतरी जोरात म्हणालं, "वा, म्हातारे!" साहेब उठले, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि वाक्य पुरं केलं: "होणार नाही."

काकूंना अभिमान वाटला, अगदी मान ताठ करून बसावं इतका, आणि त्या बसल्याही.