माझ्याआधी बोललेला लाइनमन

वादळात वीज टिकावी म्हणून काय करायचं, यावर जयपूरला वीज आयोगाची सुनावणी होती. बायकोवर छाप पाडायला मी चार पानी भाषण लिहून, तिला घेऊन गेलो. माझ्याआधी एक लाइनमन उठला. माईक धरण्यापूर्वी त्यात करंट नाही ना, हे बघायला त्याने सवयीने हाताची मागची बाजू माईकला लावून पाहिली. म्हणाला, "साहब, पेड़ों की डालियाँ अप्रैल में कटवा दो. मई की आँधी में हमें खंभे पर नहीं चढ़ना पड़ेगा."

अध्यक्षांनी लगेच लिहून घेतलं.

बायको लाइनमनकडे बघत म्हणाली, "अहो, त्यांना आपली पाण्याची बाटली द्या ना!"

पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्या वाक्यावर ती इतकी हळहळली नव्हती. मी जळफळत बाटली दिली. माझं भाषणही चांगलं होतं हो. फक्त त्यात खांबावर कोणी चढत नव्हतं.