बुजवायची खिडकी

आमच्या सुनेच्या मामांइतका हट्टी माणूस बहारीनच्या विमानतळावर दुसरा उतरला नसेल. कोकणातले गवंडी. तीस वर्षं इथे सिमेंटचे ब्लॉक रचले, पण जीव अडकलेला दगडात. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले की चपला काढायच्या आधी दाराला ओळंबा लावत. "विहीणबाई, तुमची चौकट झुकलीय." मी म्हणे, "मीही झुकलेय मामा. आधी जेवा." माझे लाडूसुद्धा ते हातावर फिरवून बघत आणि बेढब असेल तो बाजूला काढत. खात मात्र तोच आधी.

व्हिसा संपायला दोन महिने उरले होते आणि वयामुळे पुढे वाढणार नव्हता. तेवढ्यात इथल्या सनद भागातल्या एका इंग्रज साहेबाने अंगणात खोली बांधायला काढली. त्याला ती आजोबांच्या शेतावरच्या जुन्या दगडी घरासारखी हवी होती. मुकादम म्हणाला, ब्लॉकवर दगडाच्या चकत्या चिकटवू. मामा थेट साहेबापुढे उभे राहिले. "साहेब, असली पत्थर. मैं बनाएगा." जाण्याआधी एक खरी दगडी भिंत हातून व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

साहेबाने फोटो दिला. मामा तो आठवडाभर उशाशी घेऊन झोपले. हातभर जाड भिंती, बारक्या खिडक्या, छपरावर दगडी फरश्या. एक खिडकी तर कुणीतरी कधीकाळी दगडांनीच बुजवलेली. साहेबाला तीही तशीच हवी.

मुकादम घाई करत ओरडला, "मामा, यल्ला! खिड़की बंद है ना? सीधी दीवार मारो!"

"पहले खिड़की, बाद में बंद," मामा म्हणाले. मला नंतर सांगत होते, "नसलेली खिडकी बुजवू कशी, विहीणबाई?"

त्यांनी बाजूचे दगड घडवले, वर अखंड दगड चढवला. त्यात आठ दिवस गेले. विमानाला चारच उरले. खिडकी बघून साहेबच विरघळला. म्हणाला, राहू दे उघडी. मामा म्हणाले, "नो साहेब. फोटो में बंद है."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आणि सुनेला तिथे, अजून छप्पर न चढलेल्या त्या खोलीत नेलं. शेवटचा एक दगड बसवायचा ठेवला होता. "बघून घ्या. आता दिसायचं नाही." मी भोकाला डोळा लावला. पलीकडे शेजाऱ्याचा एसी आणि धुळीने माखलेली खजुरी.

"काय दाखवता हो, एसी?"

मामा हसले नाहीत. दगड बसवला, सांध्यावरून अंगठा फिरवला. "आता पलीकडे कुणीतरी राहत असल्यासारखं वाटतं."

"उन्हात उभं राहिलं की वाटतंच तसं. चला."

मामा आणि सून गाडीकडे गेले. मी भिंतीला हात लावला. दगड चांगलाच तापला होता. तरी हात लगेच काढला नाही.