धाकू आगऱ्याला दिलेला शब्द

कल्याणच्या मराठी शाळेतल्या त्र्यंबक मास्तरांनी आयुष्यात एकच नाटक लिहिलं. ते सन १८८६ साली. वय तेव्हा अठ्ठावीस. वडील भिक्षुकी करत. मुलगा पुण्याला जाऊन मास्तरकीची परीक्षा देऊन आला, याचंच घरात मोठं कौतुक होतं. त्यात नाटक लिहिलं म्हटल्यावर गावात लोक त्यांना रस्त्यात थांबवून बोलू लागले. मास्तरांना ते आवडत होतं.

नाटक त्यांच्या मनातून उपजलेलं नव्हतं. ठाण्याच्या एका साप्ताहिकात कादंबरी क्रमशः येत होती. तिचा नायक नागू, खाडीकाठचा मिठागरात राबणारा आगरी. उधाणाच्या भरतीत बांध फुटून खांड पडते, आणि नागू स्वतः त्या खांडीत उभा राहून गाव वाचवतो, अशी ती गोष्ट. कल्याणात महिपतरावांची नाटकमंडळी होती. देवादिकांची आणि राजांची नाटकं पाहून लोक कंटाळले आहेत, काहीतरी नवं हवं, असं महिपतरावांनी मनावर घेतलं आणि त्या कादंबरीचं नाटक करायचं काम मास्तरांना सांगितलं.

मास्तर लिहायला बसले आणि पहिल्याच प्रवेशात अडले. आगरी माणूस बोलतो कसा, मिठागरात करतो काय, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून ते बंदरावर गेले. खाडीवरच्या कोलशेत गावाकडून मिठाच्या होड्या कल्याणला लागत. तिथे टोपल्या उतरवणाऱ्यांत त्यांना धाकू भेटला.

धाकू तिशीचा, उंच, काळासावळा, मिठाने पावलं फाटलेला. गळा असा की तो गाऊ लागला की शेजारच्या होडीतले लोक हातातलं काम थांबवत. मास्तरांनी त्याला घरी बोलावलं. त्यानंतर होडी लागली की तो यायचा. मास्तर ओटीवर, धाकू अंगणात पायरीखाली. मास्तरांची बायको गोदा त्याला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. धाकूलाही बहुधा नाही.

तीन महिने धाकूने जे होतं ते सगळं दिलं. निसरड्या बांधावरून चालताना पाऊल कसं आडवं टाकायचं, मिठाची रास ओढताना कंबर कुठे वाकते, भरतीचा आवाज बदलला की माणसं काय बोलतात. आपल्या आजीचं एक गाणंही त्याने सांगितलं. मास्तरांनी ते जसंच्या तसं नाटकात घातलं. लिहिता लिहिता ते मान वर करून पाहत, तेव्हा अंगणात धाकू नसे, नागूच उभा असे.

नागूचं काम कोण करणार, असं धाकूने एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, मंडळीतला गोपीनाथ. गोरा आहे, पण काजळ आणि तेल लावलं की रंग बदलतो.  धाकू सरळच म्हणाला, "तुमचा गोरा मानूस काजळ लावून आगरी व्हतो, तर आगऱ्याने आगरी का नाय व्हायाचं?"

 खरं तर मास्तरांनाही तेच वाटत होतं. लिहिण्याची धुंदी होती, तरुण वय होतं. ते म्हणाले, "नागूचं काम तूच करायचंस. महिपतरावांशी मी बोलतो. हा माझा शब्द." दाराआड गोदा तांदूळ निवडत होती. तिने ते ऐकलं.

मास्तर महिपतरावांशी बोलले नाहीत. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता तालमी सुरू झाल्या. धाकूने मात्र गावात सांगून टाकलं होतं. आगऱ्याचा पोर कल्याणला नाटकात उभा राहणार, तोही सोंगाड्या म्हणून नव्हे, मुख्य कामात, ही गोष्ट कोलशेतात घरोघर झाली. त्याचा मेव्हणा गोविंदा आधीपासूनच त्याला बढाईखोर म्हणायचा. धाकू त्यालाच सोबत घेऊन आला, तालीम दाखवायला. तो नवं कोरं धोतर नेसला होता.

मंडळी एका मोकळ्या वखारीत तालीम करत. धाकू आत आला आणि सगळे थांबले. हा कोण, असं महिपतरावांनी विचारलं. धाकूने सांगितलं की मास्तरांनी बोलावलंय, नागूच्या कामासाठी. कुणीतरी हसलं. गोपीनाथने हातातली वही खाली ठेवली. एकाने स्वच्छ म्हटलं की आगरी रंगपटात आला तर आपण तोंडाला रंग लावणार नाही, आपल्याला घरी जाऊन देवाला शिवायचं असतं. महिपतराव मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही याला काम देतो म्हणालात?"

वखारीत दहा-बारा माणसं होती. त्यातले दोघे मास्तरांचे सोयरे होते.

"मी? नाही हो," मास्तर म्हणाले. "बोली समजून घ्यायला बोलावत होतो. त्याचा काहीतरी गैरसमज झालाय."

 धाकूने मास्तरांकडे पाहिलं, एवढंच. गोविंदा मात्र धाकूकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. दोघे निघून गेले. महिपतरावांनी टाळी वाजवली आणि तालीम पुढे सुरू झाली.

नाटक दिवेलागणीला लागलं आणि मांडव भरून माणसं बाहेर उभी राहिली. गोपीनाथ काजळ फासून आला. त्याने पाऊल आडवं टाकलं. मास्तरांनी शिकवलेलं, मास्तरांना धाकूने शिकवलेलं. लोक हसले. गोपीनाथने ते हेरलं आणि पुढचं पाऊल जास्तच आडवं टाकलं. धाकूची बोली त्याच्या तोंडून आली की टाळ्या पडत. शेवटी नागू खांडीत उभा राहिला तेव्हासुद्धा मागल्या बाजूला काही जण हसतच होते. मास्तर पडद्याआड उभे होते. मी हसायला लिहिलं नव्हतं, असं ते स्वतःला सांगत होते. पण नाटक पडलं असतं तर आपल्याला जास्त दुःख झालं असतं, हेही त्यांना कळत होतं.

पुढे त्याच साप्ताहिकात ठाण्याच्या एका वकिलाचं पत्र आलं. खाडीवर आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या गातात, नाचतात. मग आगऱ्याच्या गोष्टीत आगरी सोडून सगळे का, असा त्याचा सवाल होता. त्यावर वाद पेटला. कुणी लिहिलं, नाटक म्हणजेच सोंग, पुरुष राणी होतो तिथे ब्राह्मण आगरी झाला तर बिघडलं काय. कुणी विचारलं, मग एखाद्या आगऱ्याला राजा होऊ द्याल का. महिपतराव घाबरले. उत्तर द्या, म्हणून मास्तरांच्या मागे लागले. मास्तरांनी ‘एक रसिक’ या नावाने लिहिलं. भाषा शुद्ध आणि मुद्देसूद होती. त्यात एक वाक्य होतं, की या जातीच्या जिभेला रंगभूमीची वाणी पेलणारी नाही, हा त्यांचा दोष नसून निसर्ग आहे.

गोदाला वाचायला मास्तरांनीच शिकवलं होतं. तिने तो अंक वाचला, घडी घालून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही लिहिलंत."

मास्तरांनी ते नाकारलं नाही.

"तो तीन महिने आपल्या अंगणात बोलत होता," गोदा म्हणाली. "त्याच्याच जिभेवर तुमचं नाटक उभं आहे." आणि ती आत गेली. त्यावर नवराबायकोत पुन्हा बोलणं झालं नाही. गोदाने तो विषय काढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

धाकू कल्याणला यायचा थांबला. होड्या येत, दुसरी माणसं टोपल्या उतरवत. त्यांच्याकडून कळलं की गावात धाकूला नाटक्या म्हणतात, त्याच्या मुलींनाही नाटक्याच्या पोरी म्हणतात. खोटं बोलून गावाची शोभा केली, म्हणून पंचांत त्याला आता कुणी बसू देत नाही. गोविंदा वखारीतला प्रसंग अजून रंगवून सांगतो. मास्तर बंदराच्या वाटेने जायचं टाळू लागले.

अशी अकरा वर्षं गेली. महिपतराव वारले, मंडळी फुटली. मास्तर हेडमास्तर झाले. शाळेत कुणी पोर खोटं बोललं आणि छडी उचलायची वेळ आली की ते ती न मारताच खाली ठेवायचे, आणि पोरं म्हणायची की मास्तर मायाळू आहेत. मग एका फाल्गुनात गोदा तापाने आजारी पडली. बरी झाल्यावर पहिल्यांदा अंगणात येऊन बसली ती नेमकी, जिच्याखाली धाकू बसायचा त्या पायरीवर.  दुसऱ्या दिवशी मास्तर मिठाच्या रिकाम्या होडीत बसून कोलशेतला गेले.

धाकू मिठागरात होता. घरी त्याची बायको आवडाबाई भेटली. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: शब्द दिला होता, धाकू खोटं बोलला नव्हता, खोटं मी बोललो. आवडाबाई जाळं विणत होती, तिचे हात थांबले नाहीत. "माना एकलीला काय सांगता," ती म्हणाली. "माना ठावं व्हतं. चार मान्सांत सांगा."

संध्याकाळी देवळासमोर चार माणसं जमली. मास्तर बोलले. वर्गात चाळीस मुलांसमोर न अडखळणारा माणूस तिथे दोनदा थांबला. गोविंदा आता म्हातारा दिसत होता. तो जमिनीकडे पाहत बसला. गावचा पाटील म्हणाला की बरं झालं, खरं कळलं, पण एवढ्या वर्षांनी हे कुणी विचारत नव्हतं. एकदोघे उठून गेले. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते सगळं मिळून चिलीम ओढण्याइतक्या वेळात आटोपलं.

धाकू मागे उभा होता. केस पिकलेले, पाठ वाकलेली. माणसं पांगल्यावर तो जवळ आला.

"त्या दिशी एकच शब्द बोलायचा व्हता, मास्तर. नायच्या जागी हाव म्हनायचं. आज येवढं बोललाव." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "ठान्याच्या वकिलाचा कारकून माना त्यो छापा वाचून दावलेला. आमच्या जिभेला वानी नाय म्हून. त्यो कोन व्हता, तुमाला ठावं आसंल."

या प्रश्नाची तयारी मास्तर करून आले नव्हते. ठाऊक नाही म्हटलं असतं तर धाकूने मानलं असतं. गावातून निदान अर्ध्या मानाने परत जाता आलं असतं. मास्तरांच्या ओठांवर ते आलंही.

"मीच," ते म्हणाले.

धाकूने फक्त मान हलवली, जणू एखाद्या होडीचा हिशेब लागला. रागावला असता, शिवी दिली असती, तर मास्तरांनी ती घेतली असती. तो म्हणाला, "भरती आली की होडी सुटंल. तवर बसा हितं," आणि घराकडे चालू लागला. आवडाबाईने पाण्याचा तांब्या पाठवला. मास्तर तो तोंडाला लावून प्यायले.

घरी गोदा जागीच होती. सगळं सांगितलं का, असं तिने विचारलं. सगळं, ते म्हणाले. मग धाकू काय म्हणाला? मास्तरांनी सांगितलं की भरती येईपर्यंत बसा म्हणाला. गोदाने पान वाढलं.

पुढच्या महिन्यात मास्तरांनी साप्ताहिकाला स्वतःच्या नावाने पत्र पाठवलं, की ‘एक रसिक’ मीच, आणि धाकूला दिलेला शब्द मीच मोडला. संपादकाने ते शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली छापलं. ते वाचून दोन सोयऱ्यांनी मास्तरांकडचं जाणंयेणं सोडलं. आणखी बारा वर्षं मास्तर जगले. नाटक पुन्हा लावू द्या म्हणून विचारायला दोन मंडळ्या आल्या. दोघींना त्यांनी एकच अट घातली, की नागू आगरीच हवा. दोन्ही मंडळ्या परत गेल्या. आपण हे धाकूसाठी करतो की स्वतःला बरं वाटावं म्हणून, हे मास्तरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.