बाबांच्या बोटांसाठी घेतलेला फोन

मंडळी, स्क्रीनखालून बटणं बाहेर सरकतात असा फोन मागवला होता. आज गावी, जामसरला जाऊन बाबांना दिला.

वर्षानुवर्षं नागलीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करून त्यांच्या बोटांना असे घट्टे पडलेत की टचस्क्रीनला ती बोटं कळतच नाहीत. माझी बहीण त्यांच्यावर रुसून ठाण्याला गेली. फोनवर बाबांना तिच्याशी बोलवत नाही, म्हणून लिहायचंय.

बटणं टकाटक दाबली गेली. बाबा खूश. मग म्हणाले, "यात मराठी कुठंय?"

सगळी अक्षरं इंग्रजी. मराठीसाठी परत स्क्रीनलाच बोट लावायचं.

मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"तुला सांगण्यासारखं असतं तर ती गेली तेव्हाच सांगितलं असतं." त्यांनी बटणं आत सरकवली.

फोन परत पाठवता येईल. बाबांच्या पोटात राहिलंय ते कुठं पाठवू?