साठमारी न पाहिलेले चाचा

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या चाचांनी उभ्या आयुष्यात एकही साठमारी पाहिली नाही, आणि तरीही कोल्हापुरात सगळ्यात मोठा साठमार कोण, या वादात शेवटचा शब्द त्यांचाच असे. बघायला का येत नाही विचारलं, तर म्हणत, "आमाला कामं न्हाईत व्हय?" महाराजांच्या हौसेचा हा खेळ. भिंतींनी वेढलेल्या मैदानात माजलेला हत्ती सोडायचा, साठमारानं भाला आणि फडकं घेऊन त्याला डिवचायचं, तो अंगावर आला की पळायचं आणि भिंतीतल्या अरुंद फटीतून पलीकडे निसटायचं. अंग तिरकं करून माणूस जाईल आणि हत्तीचं डोकं अडेल, एवढीच ती फट.

संध्याकाळी चाचांच्या दुकानाच्या पायरीवर आमची सभा भरे. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो, म्हणजे आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्रीच होती. दूधवाले तात्या म्हणत, ज्याचा पळ मोठा तो मोठा. मी म्हणे, पळतं कोणीही. ऐन वेळी हुलकावणी देऊन हत्तीला भलतीकडे वळवतो तो खरा, आणि तेही वर्षानुवर्षं. "मास्तर, तुम्ही म्हशीम्होरं तरी कधी पळालायसा का?" तात्या विचारत, आणि माझा मुद्दा हशात बुडे.

चाचा मान वर करत नसत. साठमारांचे फाटके अंगरखे त्यांच्याकडेच दुरुस्तीला येत. ते उलटसुलट करून बघत आणि निकाल देत. "ह्यो पाठीवर फाटलाय. उशिरा वळला गडी. आन् ह्यो खांद्याला. फटीत शिरताना घाबरला." मग दोरा तोडून म्हणत, "ज्याचं कापड फाटतच न्हाय, त्यो मोठा." असा एकच होता, त्यांचा मुलगा हुसेन. ते नाव मात्र चाचांनी स्वतः कधी घेतलं नाही. ते आम्हीच ओरडून सांगायचो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर साठमारी ठरली. हुसेन चाळिशीला टेकला होता आणि थांबायचं त्याच्या मनात घोळत होतं. मीच शहाणपणा केला. म्हटलं, "एवढी एक कर, म्हणजे वादच मिटला." तो हसला आणि तयार झाला. नव्या अंगरख्यासाठी चाचा त्याचं माप घ्यायला बसले. छातीला दोरी लावली, ती जुन्या मापापेक्षा चार बोटं पुढं गेली, आणि बराच वेळ ती तशीच धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, चला जरा माझ्यासंगं." आम्ही साठमारीच्या मैदानावर गेलो. हत्ती नाही, माणूस नाही, सगळं रिकामं. चाचांनी एकेका फटीला दोरी लावली आणि सगळ्यात रुंद फटीच्या मापावर गाठ मारली.

संध्याकाळी सभा भरली. चाचांनी दुकानाच्या दाराची एक फळी बंद केली, दुसरी त्या गाठीइतकी उघडी ठेवून मागे मोठा दगड टेकवला. "हुसेन, ह्यातनं जा." हुसेन तिरका होऊन सहज आत गेला. तात्यांनी टाळी वाजवली. चाचा म्हणाले, "आता गल्लीच्या टोकापास्नं पळत ये आन् मग जा."

तो पळत आला, तिरका झाला आणि छातीशी अडकला. आम्ही हसलो. पळत आलेल्या माणसाची छाती श्वासानं भरलेली असते, हे मास्तर असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"श्वास सोडून जाईन की," हुसेन चिडला.

"श्वास सोडायला थांबलास, की मागनं हत्ती आलाच."

"आता माघार घेतली तर हुसेन भ्याला म्हणतील सगळी."

चाचांनी दोरी गुंडाळली. "हुसेन न्हाय भ्याला. अब्बा भ्याला म्हणून सांग. दरबारात माझं नाव घेऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हुसेननं हत्तीखान्याच्या अधिकाऱ्याला अगदी तसंच सांगितलं. कोणी हसलं नाही. पुढच्या वर्षापासून नव्या साठमारांना शिकवायचं काम त्याला मिळालं. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण ती साठमारी मीच त्याच्या गळ्यात बांधली होती.

चाचांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. अमक्यातमक्यात सगळ्यात मोठा कोण, असा वाद कोणी काढला की मी हल्ली तोंड उघडत नाही. मला हुसेननं सोडलेल्या त्या साठमारीच्या दिवसाची दुपार आठवते. तात्यांसकट अख्खी गल्ली मैदानाकडे गेली होती आणि तिकडचा आरडाओरडा दुकानापर्यंत ऐकू येत होता. मी आत डोकावलो, तर चाचा भिंतीला टेकून गाढ झोपलेले, सुई बोटांत तशीच. शेजारी बसलेल्या हुसेननं ती हळूच काढून घेतली आणि मला गप्प बसायची खूण केली.

"साठमारी ठरली की अब्बाला आठ-आठ दिवस झोप न्हाय, असं अम्मी सांगत हुती," तो कुजबुजला. "इतकी वर्सं झाली, मला आजच कळलं."

मैदानाकडून पुन्हा मोठा ओरडा आला. चाचा हलले नाहीत.