जीजीची बालकनी

सन २०२३. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी मोठी बहीण जीजी पंचाहत्तरची. त्या वयात आम्ही दोघं समुद्रावर जाऊन आलो. बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या शाहपुरात लोक म्हणतात, बापूंनी बहिणीला जहाजात बसवलं. तिकिटं मी काढली हे खरं. पण नेलं तिनं मला.

जीजीचा एक स्वभाव होता. कुठंही जायचं म्हटलं की ती आधी त्या जागेची चौकशी करायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा नवरा काळा की गोरा हे तिनं विचारलं नाही. सासर फोपनारचं, तिकडून येणाऱ्या कासाराला ओट्यावर बसवलं, हात पुढं केला आणि बांगड्या भरता भरता विचारत बसली, "तिथी विहीर कशी आहे, दादा? पायऱ्यांची का रहाटाची? घराचं दार कोन्या दिशेले? दुपारी ऊन कुठी येतं?" आमचे वडील ओरडले, "जाशील तेव्हा पाहशील ना!" तर म्हणते, "मन आधी पोचलं पाह्यजे, मंग पाय."

मी तिच्या उलटा. चौथीपर्यंत शिकलो, पण कोणाला काही विचारायचं नाही हा माझा बाणा. रस्ता चुकलो तरी विचारत नाही. असीरगडाकडं जाताना भलत्याच गावात जाऊन पोचलोय आणि तिथं जणू कामच होतं असा चहा पिऊन परत आलोय. जीजी हसायची. "बापू, तुले विचाराले लाज वाटते. मले न विचारता जाले भेव वाटतं."

तिला एकच मुलगा, दिलीप. नवरा लवकर गेला, तिनं माहेरी येऊन केळीच्या बागेत राबून पोराला वाढवलं. तो इंदूरला हॉटेलचं काम शिकला आणि मोठ्या प्रवासी जहाजावर लागला. खोल्या झाडायच्या, गाद्यांवर चादरी घालायच्या. फोन आला की जीजीचे प्रश्न सुरू. तिथी कसं राहतं? अंगोळीचं पाणी खारं का गोडं? झोपल्यावर खाट हालते का? दिलीप हसून फोनचं तोंड फिरवायचा आणि दाखवायचा. काचेचं सरकतं दार, बाहेर छोटी बालकनी, दोन खुर्च्या, एक टेबल, कठड्यापलीकडं निळं पाणी. दर वेळेला तीच बालकनी. जीजी फोन घेऊन घरोघर फिरायची. "पाह्य, माह्या दिलीपची खोली. समोर समुद्र. राजालेही नाही भेटत."

एका परदेशी बंदरात दिलीपला ताप आला आणि तो तिथंच गेला. पेटी आली ती बंद. उघडू नका असं बजावून सांगितलं होतं. जीजीनं लेकाचं तोंड पाहिलं नाही. ती त्या पेटीवर हात ठेवून बसली आणि आम्ही उचलेपर्यंत हात काढला नाही. नंतर बाया भेटायला येत, रडत, तेव्हा तीच त्यांची समजूत घालायची. "चांगल्या जागी राहिला. रोज समुद्र पाहिला त्यानं." तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती.

वर्ष झालं आणि एक दिवस ती माझ्या मळ्यात आली. मी केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होतो. म्हणाली, "बापू, मले दिलीपच्या खोलीत बसायचं आहे."

"ते जहाज तिकडं परदेशात राहतं, जीजी."

"दुसरं असंल ना. खोली तर तशीच राहीन."

बऱ्हाणपुरात तिकिटं काढणाऱ्या पोरीसमोर जीजीनं ठाण मांडलं. दार वाऱ्यानं आपटतं का? बाजूचे लोक आपल्याला पाहतात का? पाय लांबवून बसता येतं का? पोरगी म्हणाली, "अम्मा, टेन्शन मत लो. बस, कुर्सीवर बसायचं आणि समंदर बघायचा." जीजी म्हणाली, "बसायचंच तर आहे. पण पोरी, माहीत असलेलं बरं."

मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं जहाज होतं. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. बालकनीची खोली म्हणजे आपल्या ओट्याएवढी जागा. गादी मऊ, इतकी की उठताना हात द्यावा लागतो. काचेचं दार जड, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. उघडलं की वारा असा आत शिरतो की टोपी पलंगाखाली जाते. कठड्याला हात लावला तर चिकट लागतो, ते मीठ. कपडे वाळत घालू देत नाहीत. जीजीनं लुगडं कठड्यावर टाकलं तर लगेच माणूस सांगायला आला. आणि पाणी बघत बसलं की थोड्या वेळानं आपणच हलतोय असं वाटतं. ते खरंच असतं.

जीजीनं चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन काचेला, पलंगाला, नळाला, सगळ्याला हात लावून पाहिला. मग बालकनीत बसली आणि मी दुसऱ्या खुर्चीवर बसायला गेलो तर म्हणाली, "ती नको. ती त्याची." मी उंबऱ्यावर बसलो. संध्याकाळपर्यंत ती त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. मी मध्ये पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला माणूस आला. चिपळूणकडचा, पंचेचाळिशीचा, मराठी बोलणारा. जीजीनं त्याच्या हातातली चादर काढून घेतली, त्याला बस म्हणाली आणि डब्यातला दराबा, आमच्याकडची रव्याची मिठाई, पुढं केला. "खाय. आमच्या बऱ्हाणपूरचा आहे. माहा लेकही हेच काम करे." तो उभ्या उभ्याच खाऊ लागला. मग तिनं विचारलं, "तुही खोली कोनती? ह्याच रांगेत का?"

"आमची खाली, मावशी."

"खाली मतलब?"

"एकदम खाली. पाण्याच्या खालच्या मजल्यावर. दोघादोघांना एक."

"बालकनी?"

तो माझ्याकडं पाहू लागला. मी मान हलवली, सांगू नको म्हणून. पण जीजी त्याच्या तोंडाकडंच पाहत होती.

"खिडकी तरी?"

"नाही, मावशी. दिवस की रात्र ते घड्याळ बघून कळतं."

तो गेल्यावर जीजी उठली. खुर्ची ओढत आत आणली, काचेचं दार लावलं, पडदा सरकवला आणि दाराकडं पाठ करून बसली. जेवायला आली नाही. मी म्हटलं, "जीजी, पाणी तरी पाह्य. एवढ्या दूर आलो."

"तू पाह्य. माह्या लेकाले दिसलं नाही ते मले नको. मी गावभर सांगत फिरली, बापू. तो तिथी अंधारात निजत होता अन् मी सांगत फिरली."

माझ्या बहिणीला मी नवरा गेल्यावर पाहिलं होतं, पेटीवर हात ठेवून बसलेली पाहिली होती. पण अशी मोडलेली पाहिली नव्हती. तिच्याजवळ जे एक उरलं होतं तेही आम्ही तिकीट काढून घालवलं.

मग मी उठलो, त्या लांबलचक बोळात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला अडवून विचारलं. चिपळूणवाला गाडीत चादरी भरत होता. म्हटलं, "भाऊ, आमचा पोरगा दर वेळेला बालकनीतून फोन करायचा. ते कसं?"

तो थांबला. "आम्हाला तिथं उभं राहायची मुभा नसते, काका. पाहुणे नसताना आवरायचं आणि निघायचं. कोणी बघितलं तर नोकरीवर गदा येते. तो आईला दाखवायला उभा राहत असेल." मग म्हणाला, "मी कधी नाही केलं हो. माझी हिंमत झाली नाही."

मी परत जाऊन जीजीला शब्दन् शब्द सांगितला. गोव्याहून परतताना शेवटच्या सकाळी मी उठलो तर पडदा बाजूला होता. जीजी दोन्ही हातांनी दार ओढत होती. मी मदतीला गेलो तर कोपरानं मला मागं सारलं. कठड्याजवळ उभी राहिली. बसली नाही. दिलीपचा फोन चालायचा तेवढा वेळ उभी राहिली, मग आत आली आणि दार लावून घेतलं.

"बस," म्हणाली. "एवढाच समुद्र होता त्याचा. अन् तोही मलेच दाखवला."

घरी आल्यावर तिनं गावात काही सांगितलं नाही. बाया विचारत, कसं होतं जहाज? ती म्हणे, "चांगलं होतं." चौकशा करायची बंद झाली. जेवण कमी झालं. दिवाळीच्या आधी एकदा मळ्यात आली. आमचा सालदार गडी आणि त्याची बायको विहिरीजवळच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहत. जीजी त्या खोलीत वाकून शिरली, बराच वेळ आत बसली, त्या बाईशी काहीबाही बोलली. बाहेर आली तेव्हा तिच्या पदराला भिंतीचा चुना लागला होता. मला म्हणाली, "बापू, हिले उजेड कुठून येतो?"

मी म्हटलं, "दारातून येतो. मोटारीची खोली आहे ती, महाल नाही."

भांडली असती तर मी दोन शब्द जास्त बोललो असतो. ती भांडली नाही. पदर झटकला आणि पायवाटेनं निघून गेली. तेच आमचं शेवटचं बोलणं. चार दिवसांनी झोपेतच गेली. तापीच्या घाटावर अग्नी मीच दिला, द्यायला दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन मळ्यात निघालो. भाऊबंद आडवे आले. "बापू, सुतक आहे. तिसरा तरी होऊ द्या. लोक काय म्हणतील?" मी ऐकलं नाही. सालदार पहार मागायला लागला, त्यालाही दिली नाही. त्याच्या बायकोला तेवढं विचारलं, "सांग बाई, खिडकी कोणत्या भिंतीत पाहिजे?" तिनं केळीच्या बाजूची भिंत दाखवली. तिथं मी पहिला घाव घातला.