क्वालिटीवाल्या शेजाऱ्यांची दुरुस्ती

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही रागाने इथेच टाकून गेलेला हातातला व्हिडिओ गेम आता नीट चालतो. दिशा देणाऱ्या स्टिकला बोटही न लावता त्यातला माणूस डावीकडे चालत सुटायचा. तुम्ही परत येण्याआधी तो ताळ्यावर यावा, म्हणून मी शेजाऱ्यांना दाखवला.

हे गृहस्थ दिवसा चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी तपासतात आणि घरी आल्यावर सोसायटी तपासतात. माझी इडलीसुद्धा उजेडात धरून, चहूबाजूंनी पाहून मगच पास करतात. नापास झालेलीही खातात, ही त्यांची सवलत.

गेम हातात घेऊन ते म्हणाले, "काकू, हे रिजेक्शन न्हाई, रीवर्क हाय. फेकायचं न्हाई, दुरुस्त करायचं."

आधी त्यांनी फुंकर मारली. माणूस डावीकडेच. मग सेटिंगमध्ये काही खुडबुड केली, तर तो जागचा हलेनाच.

"टॉलरन्स वाढवला, आता बारीक चूक त्याला चालती," ते अभिमानाने म्हणाले.

"कंपनीत ब्रेकही असेच पास करता का हो?"

ते गेम घेऊन तडक घरी गेले. रविवारी आणून दिला, तेव्हा त्यात दुसरी स्टिक बसवलेली होती आणि माणूस शिस्तीत उभा होता.

"नवी स्टिक कुठे मिळाली?"

"होती एक पडलेली," म्हणाले आणि चहाला न थांबता निघाले.

त्या संध्याकाळपासून भिंतीपलीकडून त्यांचा वैतागलेला आवाज येतो, "आरं भावा, डावीकडं कुठं निघालास? सरळ चाल की!"

या वयात त्यांच्याकडेही तुमच्यासारखाच गेम आहे, हे मला तेव्हा कळलं. आलात की पहिला डाव त्यांना द्या. स्टिकबद्दल मात्र अवाक्षर काढू नका.